आप्पा खांबेटे आणि उष्टा पेरू

परवा सुधीर आला तो खिशात कॅसेट घेऊनच. त्याची धाकटी अडीच वर्षांची आहे, आणि तिचं बोबडं बोलणं त्याने टेप करून ठेवलंय. चपला काढायच्या आधीच म्हणाला, "आई, ऐक ना, ही हेलिकॉप्टर कसं म्हणते ते ऐक!" मग अर्धा तास आम्ही 'हेलितोत्तल' ऐकलं. मागे करून परत ऐकलं. शेजारणीला बोलावून ऐकवलं. सगळ्यांनी 'अगंबाई, किती गोड' म्हटलं. मीही म्हटलं. आजीला दुसरं काय म्हणता येतं?

पण मनात आलं ते वेगळंच. म्हटलं, बाबा रे, तू खारकेला 'थालीत' म्हणायचास तेव्हा कोणी टेप लावली नव्हती. तुझ्या जिभेखाली त्याच खारकेची बी ठेवली होती. आणि ठेवणारा गृहस्थ आमच्या खालच्याच मजल्यावर राहत होता. आप्पा खांबेटे.

आम्ही मुलुंडला राहायला गेलो ते त्रेपन्न-चोपन्न साली. तेव्हा आमच्या 'सुखनिवास'च्या पुढे चार बंगले, मागे मिठागरं, आणि मधे मोकळी जागा एवढीच वस्ती. वारा सुटला की कपडे खारट वाळायचे. अशा ठिकाणी माणसाला करमणूक काय? तर आप्पा. उंच, सडपातळ, डोक्यावर काळी टोपी, काखेत बाराही महिने छत्री. कोटाच्या वरच्या खिशात लोक पेन ठेवतात, आप्पा तिथे छोटा आरसा ठेवायचे. स्वतःचं तोंड बघायला नव्हे. समोरच्याला त्याची जीभ दाखवायला.

आप्पांना अशुद्ध उच्चार सोसत नसे. एखाद्याला उन्हाचं पित्त होतं तसं त्यांना 'ण'च्या जागी 'न' ऐकला की होई. सरकारी कचेरीत कारकून होते, पण अंतःकरणाने ते अख्ख्या मुलुंडचे मास्तर होते. भाजीवाला, पोस्टमन, गिरणीवाला, कोणालाही सूट नव्हती. डॉक्टर छातीला नळी लावून "श्वास घ्या" म्हणाले की आप्पा श्वास घेण्याआधी त्यांचा 'श्व' दुरुस्त करायचे. माझ्या सासूबाई गेल्या तेव्हा आप्पा भेटायला आले. आमचे हे रडत म्हणाले, "फार सोसलं हो तिने." आप्पांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांचेही डोळे भरले होते, हे मी पाहिलंय, खोटं कशाला बोलू? म्हणाले, "धीर धरा, प्रधान. रडताना तुमचा 'स' फार घसरतो." आणि तेराव्याला आपण होऊन पंगतीत वाढायला उभे राहिले.

त्यांना एकच माणूस पुरून उरलं. हिराबाई. नाहूरच्या खाडीकडून टोपली घेऊन यायची, बोंबील, कोळंबी, कधी निवटे. खांबेट्यांकडे मासळी शिजत नसे, पण आमच्याकडे तिच्याशिवाय चालत नसे. ती जिन्याच्या पायथ्याशी टोपली टेकवून वर बघून ओरडायची, "परधानीन, म्हावरं घेतंस का नाय?" आणि आप्पा ओट्यावरून म्हणायचे, "बाई, 'प्रधानीण'. 'ण'. जीभ टाळूला लावा."

एकदा तिने टोपलीवरचं फडकं सारखं केलं, कमरेवर हात ठेवला आणि म्हणाली, "दादा, तुज्या शुद्ध बोलन्यानं म्हावऱ्याचा काटा गलतो काय?"

आप्पा तीन दिवस ओट्यावर फिरकले नाहीत. चौथ्या दिवशी त्यांनी मला सांगितलं, "वहिनी, बाईचा मुद्दा चुकीचा होता. पण उत्तर सुचलं नाही."

दर रविवारी सकाळी ओट्यावर वर्ग भरायचा. 'शुद्धोच्चार वर्ग, वय वर्षे तीन ते सात', अशी खडूने लिहिलेली पाटी दाराला टांगायचे. आम्ही सगळ्या आया पोरांना तेल-पाणी करून, भांग पाडून पाठवायचो. अहो, नाही कोण म्हणणार? फुकटचं शिक्षण, शिवाय रविवारचा निवांत तास. आप्पा पोरांना अहोजाहो करायचे. "सुधीर, पुढे या. तोंड उघडा." मग आरसा पुढे. मग खारकेची बी जिभेखाली, आणि त्या बीसकट 'क ख ग घ'.

सुधीरने एकदा ती बी गिळली. पोर घाबरलं, डोळे पांढरे झाले, "आप्पा, थालीत! थालीत दिलली!" म्हणून भोकाड पसरलं. आप्पा त्याच्यापुढे उकिडवे बसले आणि शांतपणे म्हणाले, "खारीक. गिळली. म्हणा." मी वरून धावत आले तोवर सुधीर रडत रडत तिसऱ्यांदा 'खारीक' म्हणत होता, आणि खरं सांगते, तिसऱ्यांदा त्याचा 'ख' आला. बी दुसऱ्या दिवशी आली. मी आप्पांना चांगली फैलावर घेणार होते, पण पोराचा 'ख' आला होता ना! आईच्या जातीला लाज नसते.

आता या आप्पांच्या घरात काय असावं? चार वर्षांची एकुलती एक मुलगी, आणि अख्ख्या सुखनिवासात सगळ्यात बोबडी. आप्पांनी बारशाला मुद्दाम नाव निवडलं होतं, शर्मिष्ठा. "जिभेला व्यायाम हवा," म्हणाले होते. त्या पोरीला 'श' येईना, 'र' येईना, 'ष्ठ' तर देवाघरचं लेणं. कोणी नाव विचारलं की गाल फुगवून म्हणायची, "छमी." झालं, सगळे तिला छमीच म्हणायला लागले. घरात आप्पा एकटे शर्मिष्ठा म्हणायचे, आणि त्या हाकेला ती कधी पटकन ओ द्यायची नाही. तिला वाटायचं, दुसऱ्याच कुणाला तरी बोलावतायत.

बोलायची मात्र अखंड. जिन्यात हिराबाईच्या टोपलीपाशी उकिडवी बसायची, एकेका मासळीला बोट लावून नाव विचारायची. हिराबाई कोळ्यांच्या बोलीत सांगायची, ही आपल्या बोलीत म्हणायची, आणि दोघींना एकमेकींचं सगळं कळायचं. एकदा आप्पांनी तिला तिथून उचलून नेलं. मला वाटलं, सोवळ्याचं काहीतरी असणार. तर म्हणाले, "वहिनी, मासळीला हात लावला असता तरी मी काही बोललो नसतो. पण घरात येऊन ही 'म्हावलं' म्हणते हो!"

मग तो सत्यनारायण झाला. श्रावणातला. आप्पांची बढती त्या वर्षी ठरायची होती, म्हणून त्यांनी कचेरीतल्या साहेबांना प्रसादाला बोलावलं होतं. साहेब आले. जाडजूड, हसतमुख, कोटाला अत्तर. पाटावर बसले, हातात शिऱ्याची वाटी घेतली. आम्ही सगळे शेजारी भिंतीला पाठ लावून बसलेलो. छमी परकर सावरत थेट त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली आणि त्यांच्या तोंडाकडे नीट निरखून बघत म्हणाली, "आप्पा म्हनतात, छाहेब दाधव आहे. त्याला 'द्न' म्हनता येत नाई."

आप्पांचा चेहरा पांढरा फटक. आप्पांची बायको इंदूताई दाराआड. पण साहेबांना अक्षर कळलं नव्हतं. ते हसले, "काय म्हणतेय छकुली? आँ?" सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. इंदूताई म्हणाल्या, "काही नाही, आणखी शिरा हवाय तिला." वेळ टळली होती हो, अगदी टळली होती!

तेवढ्यात आमचा सुधीर उठला. आप्पांच्या वर्गातला पहिला नंबर. हात मागे बांधले, छाती पुढे काढली आणि वर्गात म्हणतात तसं खणखणीत म्हणाला, "ती म्हणतेय, आप्पा म्हणतात साहेब गाढव आहे. त्याला 'ज्ञ' म्हणता येत नाही."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पण मी आप्पांकडे बघितलं, आणि तो चेहरा मी मरेपर्यंत विसरणार नाही. त्या चेहऱ्यावर मरणकळा होती, आणि तिच्या मधूनच अभिमान वर येत होता. साहेबांनी वाटी रिकामी केली, तोंड पुसलं, "मुलगा चुणचुणीत आहे" म्हणाले आणि निघाले. महिन्याभरात आप्पांची बदली गोवंडीच्या गोदामात झाली. तिथे जुनी दप्तरं, उंदीर, आणि वारा फिरला की कचऱ्याच्या डेपोचा वास. बढतीची वाट लागली ती लागलीच.

सत्यनारायणाच्या दुसऱ्याच दिवशी मी तोंड लपवत माफी मागायला गेले, तर आप्पाच दारात उभे. म्हणाले, "वहिनी, 'ढ' ऐकलात? गाढवातला? केवढा स्वच्छ! पुण्यात असा 'ढ' ऐकायला मिळणार नाही." सुधीरला त्यांनी बेसनाचा लाडू दिला.

इथवर सगळी गंमतच होती. पण त्या प्रकारातून आप्पांनी जो निष्कर्ष काढला, तो फक्त आप्पाच काढू शकत होते. दुसरा कोणी म्हणाला असता, घरात साहेबाला गाढव म्हणू नये. आप्पा म्हणाले, "शर्मिष्ठा पहिल्या शब्दालाच स्पष्ट बोलली असती, तर मी तिथल्या तिथे थांबवली असती. घात झाला तो अस्पष्ट उच्चाराने." आणि त्यांनी जाहीर केलं, पुढच्या वर्षी गणपतीत, सुखनिवासाच्या मंडपात, पाहुण्यांच्या स्वागताचं भाषण शर्मिष्ठा करील. शुद्ध. एकही अक्षर न चुकता.

वर्ष होतं हातात. आप्पांनी कंबर कसली. आधी क्रॉफर्ड मार्केटातून एक पोपट आणला. ओट्यावर पिंजरा टांगला, नाव ठेवलं पंडित. बेत असा की पोपटाला शुद्ध बोलायला शिकवायचं, म्हणजे पोरीला ईर्ष्या वाटेल. "पाखराला जमतं, तर माणसाच्या पोराला काय धाड भरलीय?" रोज सकाळी संध्याकाळी आप्पा पिंजऱ्यापुढे उभे राहून म्हणायचे, "पंडित, म्हणा. शर्मिष्ठा. शर्‌-मिष्‌-ठा." पंडित एक डोळा मिटून त्यांच्याकडे बघायचा. सहा महिने उलटले तरी तो पक्षी एक अक्षर बोलला नाही.

आम्हा बायकांना मात्र पंडित फार उपयोगी पडला. पोपटाचं उष्टं खाल्लं की पोराची जीभ सुटते, हे आमच्या आईपासून ऐकलेलं. पण मुलुंडात इतक्या हाताशी पोपट कुठला? आप्पा गोवंडीला गेले की दुपारी खांबेट्यांच्या ओट्यावर आम्ही पेरू घेऊन हजर. त्याचे नियम होते. पेरू ज्याच्या त्याच्या घरचा हवा. पोपटाने आपल्या मनाने चोच मारली पाहिजे, डिवचायचं नाही. आणि पोराला तो उष्टा पेरू पूर्वेकडे तोंड करून खायला द्यायचा. मी मॅट्रिक झालेली बाई, पण आधी जिन्याकडे, मग रस्त्याकडे बघायचे, कोणी नाही असं पाहून पेरू पिंजऱ्यात सारायचे. इंदूताई पहारा द्यायच्या. आप्पांना अंधश्रद्धेचा भयंकर तिटकारा. ते पंडिताचं वाढतं पोट बघून म्हणायचे, "मौनाने वजन वाढतं असं दिसतं."

आणि छमी? तिची शिकवणी रविवारची राहिली नाही, रोजची झाली. आप्पांनी नियम केला, शुद्ध मागितल्याशिवाय वस्तू मिळणार नाही. मी एकदा साखर मागायला गेले तेव्हाचं सांगते. उन्हाळा होता. छमी खेळून आलेली, कपाळावर घाम. म्हणाली, "आप्पा, पानी."

आप्पांच्या हातात भरलेला पेला. "पाणी. 'ण'. जीभ वर वळवा."

"पानी."

"पा-णी."

"पानी द्या ना, आप्पा."

"शर्मिष्ठा, पाणी इथेच आहे. 'ण' आणा, की मिळालं."

पोरगी त्या पेल्याकडे बघत राहिली. मग वळली, माझ्या अंगावरून जिना चढून वर आमच्या घरी गेली आणि माठाकडे बोट दाखवलं. तोंडाने काही बोलली नाही. घटाघटा पाणी प्यायली. मला इतका संताप आला की आत्ता खाली जाऊन त्या माणसाची टोपी मिठागरात भिरकावून द्यावी. आणि गेले का मी? नाही गेले. कारण सुधीरचा 'र' अजून व्हायचा होता. हे मी आज कबूल करते, तेव्हा स्वतःशीसुद्धा कबूल केलं नव्हतं.

त्यानंतर छमीचं बोलणं आटत गेलं. आधी आप्पांसमोर बंद झालं, मग इंदूताईंसमोर, मग जिन्यात. हिराबाईने विचारलं, "पोरीची जीभ कुनी चोरली गं?" आम्ही म्हटलं, भाषण पाठ करतेय. बोलायची ती एकट्या पंडिताशी. दुपारी पिंजऱ्याखाली पाट ठेवून त्यावर चढायची, गजांना तोंड लावायची आणि हळूच काहीतरी सांगायची. आम्हाला वाटायचं, खेळतेय. इंदूताई रडवेल्या होऊन एकदा म्हणाल्या, "वहिनी, ती बोलायची तेव्हा मी वैतागायचे हो. आता घर खायला उठतं." मी विचारलं, आप्पांना सांगितलंत? म्हणाल्या, "सांगितलं. ते म्हणतात, ती शब्द साठवतेय."

गणपती आले. मोकळ्या जागेत मंडप, कागदाच्या पताका, कुणातरी बड्या पाहुण्यांना बोलावलेलं. आप्पांनी भाषण स्वतः लिहिलं होतं. 'अध्यक्षमहाशय, प्रस्तुत मंगलप्रसंगी उपस्थित श्रोतृवृंद' अशी सुरुवात. पाच वर्षांच्या मुलीला त्यातला एक 'आणि' तेवढा ओळखीचा असेल. छमीला स्टुलावर उभी केली. नवा फ्रॉक, दोन रिबिनी. समोर सगळं मुलुंड बसलेलं.

छमीने तोंड उघडलंच नाही.

आप्पा खाली उभे राहून ओठ हलवत होते. अ-ध्य-क्ष. त्यांनी खिशातला आरसासुद्धा काढला आणि तिच्याकडे धरला, जीभ कुठे लावायची ते दाखवायला. ती आरशात बघेना, कुणाकडेच बघेना. ओठ घट्ट मिटून, फ्रॉकचं टोक मुठीत धरून उभी राहिली. मागची पोरं फिदीफिदी हसायला लागली. आमचा सुधीर त्यांना म्हणाला, "ए, गप बसा रे," ते अजून आठवतंय. शेवटी कुणीतरी टाळ्या वाजवल्या आणि आप्पांनी तिला उचलून खाली घेतली. लोकांना म्हणाले, "घसा बसलाय जरा." घसा ठणठणीत होता तिचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हा दोघींचा धीर सुटला. नाहीतरी सगळे उपाय थकले होते. मी घरातला चांगला पिकलेला पेरू घेऊन खाली गेले. इंदूताई म्हणाल्या, "घाला लवकर." मी इकडेतिकडे बघून पेरू पिंजऱ्यात घातला. पंडिताने चोच मारली, आणि घराच्या आतून आवाज आला, "वहिनी, हे काय चाललंय?"

आप्पा त्या दिवशी गोवंडीला गेलेच नव्हते. कसे जातील? अख्ख्या गावाने बघितलं होतं. दारात उभे, टोपी नाही, दाढी वाढलेली. माझ्या हातात पेरूचं देठ, इंदूताईंच्या हातात ताटली. ऐन चोरीच्या वेळी पकडलं आम्हाला. आप्पांना सगळा उलगडा झाला, पंडिताच्या पोटाचासुद्धा. त्यांनी दीर्घ श्वास घेतला. "अहो, विसाव्या शतकात, सुशिक्षित घरात, पोपटाच्या उष्ट्याने मुलगी बोलेल ही..."

आणि पंडित बोलला.

वर्षभरात पहिल्यांदा. चोचीत पेरू धरलेला होता, तो खाली टाकला, मान वाकडी केली आणि छमीच्या आवाजात, हुबेहूब छमीच्या आवाजात, हळूच म्हणाला, "पंदित, तू बोलू नतो. बोललं ती आप्पा लादावतात."

पंडित, तू बोलू नको. बोललं की आप्पा रागावतात.

तीनदा म्हणाला. आम्ही तिघंही तशीच उभी. मला वाटलं, आता आप्पा 'रागावतात' म्हणून दुरुस्त करतील. शपथ घेऊन सांगते, त्यांचा हात सवयीने आरशाच्या खिशाकडे गेला होता. पण अंगात कोट नव्हता. तो हात तसाच छातीवर राहिला.

छमी आत स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली होती. आप्पा आत गेले, माठातून पेला भरला, तिच्यापुढे उकिडवे बसले. इतक्या दिवसांत मी त्यांना पहिल्यांदाच तिला त्या नावाने हाक मारताना ऐकलं. "छमी," म्हणाले. मग थांबले. ओठ दोनदा हलले. "पानी हवं?"

'न' म्हणाले. आप्पा खांबेटे 'न' म्हणाले, आणि सोपं गेलं नाही हो ते त्यांना. पोरीने पेल्याकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं. यात काय डाव आहे ते शोधत राहिली. मग मान हलवून नाही म्हणाली आणि आईच्या पदराआड गेली. मी वर निघून आले, आणि स्वयंपाकघराचं दार लावून रडले.

रविवारी पाटी लागली नाही. लोक विचारायला आले, कारण कुणाचा 'र' अर्धवट राहिला होता, कुणाचा 'ळ'. एक बाई तर भांडलीसुद्धा, "माझ्या धाकट्याच्या वेळीच कसा हो बंद केलात?" आप्पा म्हणाले, "जिभा आपल्या आपण सरळ होतात." त्या बाईने बाहेर येऊन सांगितलं, डोकं फिरलंय. कोटाच्या खिशातला आरसा गेला, तिथे पेन आलं. हिराबाई 'परधानीन' म्हणून ओरडली की आप्पा वर्तमानपत्र तोंडावर धरायचे. ती बिचारी बेचैन व्हायची, मुद्दाम दोनदा ओरडायची.

छमीची जीभ सुटली ती दिवाळीनंतर, आणि सुटली ती अशी की विचारू नका. आधी हिराबाईशी, मग सुधीरशी, मग शाळेत. एकही अक्षर कुणी शिकवलं नाही, सगळी आपोआप जागेवर बसली. आठ-नऊ वर्षांची झाली तेव्हा पोरगी दांडपट्ट्यासारखी बोलायची, "ए सुध्या, काय रे, वाट लावलीस ना खेळाची!" आप्पा ओट्यावरून ऐकायचे. चेहरा असा व्हायचा की कुणी जेवायला वाढतंय, पण पान दुसऱ्याचं आहे. कारण आप्पांशी ती बोलायचीच नाही. भांडण नव्हतं, राग नव्हता. विचारलं तर उत्तर द्यायची, हो किंवा नाही. तेवढंच. सवयच तुटली होती.

आणि पंडित? त्या पाखराने ते एक वाक्य धरलं ते सोडलं नाही. मोठी झालेली छमी ओशाळायची. मैत्रिणी आल्या असल्या की पिंजऱ्यावर टॉवेल टाकायची, "गप रे, पंडित!" इंदूताई म्हणाल्या, सोडून देऊ या त्याला. आप्पा एरवी बायकोचा शब्द मोडायचे नाहीत. यावेळी मोडला.

एकोणसाठ साली आमचं बिऱ्हाड बोरिवलीला हललं. सामानाचा ट्रक पुढे गेला होता, मी निरोप घ्यायला दुपारची खाली उतरत होते. जिन्याच्या वळणावरून ओटा सगळा दिसतो. छमी शाळेतून आली, दप्तर टाकलं, बाहेर पळायला निघाली. शनिवारची अर्धी कचेरी आटोपून आप्पा पिंजऱ्यापाशी पेरू चिरत बसले होते. म्हणाले, "आज शाळेत काय झालं?"

"काही नाही," ती म्हणाली. उच्चार स्वच्छ होता. गेली.

आप्पांनी मान हलवली. पेरूची फोड पिंजऱ्यात सारली, पंडिताने चोच मारली, आणि ते वाक्य म्हणाला. तोच पाच वर्षांच्या पोरीचा आवाज. आप्पा गजांजवळ तोंड नेऊन म्हणाले, "नाही रागावत. बोल." पंडित परत तेच म्हणाला. आप्पा परत तेच म्हणाले. हे रोजचंच असणार, कारण दोघांनाही घाई नव्हती.

मग आप्पांनी ती उष्टी फोड बाहेर काढली. मला वाटलं, टाकतील. त्यांनी आधी रस्त्याकडे बघितलं, मग दाराकडे, अगदी आम्ही बायका बघायचो तसं. वर बघायचं मात्र राहिलं. आणि उठून, मिठागरांकडे, म्हणजे पूर्वेकडे, तोंड करून त्यांनी ती फोड खाल्ली.